शरीराची साक्ष

लैंगिक अत्याचार सोसलेला पुरुष समुपदेशकाकडे येतो, तो बहुतेक वेळा भलतंच कारण घेऊन. झोप लागत नाही. बायकोवर उगाच खेकसतो. दारू वाढली आहे. छातीत धडधडतं, पण ईसीजी काढला तर सगळं ठीक. लहानपणी ज्या सरांकडे शिकवणीला जायचो तिथे ‘जरा वेगळं काहीतरी’ झालं होतं, हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या भेटीत येतं, तेही वेळ संपल्यावर, उठता उठता. आणि त्याला लगेच शेपूट जोडलेलं असतं : ‘तसं विशेष काही नाही म्हणा.’

अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजचे संशोधक स्कॉट ईस्टन यांनी बालपणी असा अत्याचार झालेल्या ४८७ पुरुषांची पाहणी केली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला या पुरुषांना सरासरी २१ वर्षं लागली. मोकळेपणाने, सविस्तर बोलायला २८. म्हणजे बारा वर्षांचा मुलगा खऱ्या अर्थाने बोलता होतो तेव्हा चाळिशीला पोचलेला असतो, आणि त्याचा स्वतःचा मुलगा कदाचित त्याच बारा वर्षांच्या आसपास असतो.

हे मौन नुसत्या लाजेचं नसतं. लाज, बदनामीची धास्ती, घरच्याच माणसाचं नाव घेण्याचं दडपण हे सगळं बायकांच्या वाट्याला येतं आणि अधिक येतं. पुरुषाच्या बाबतीत त्यात एका गोष्टीची भर पडते. जे झालं त्याला अत्याचार म्हणायचं का, हेच त्याला ठरवता येत नाही. या विषयावर त्याने आयुष्यभर जे ऐकलं, त्यात पुरुषाला एकच भूमिका असते, आरोपीची. त्यामुळे मला वाटतं, अशा पुरुषाला सर्वांत आधी द्यायला हवी ती माहिती. सांत्वन त्यानंतर केलं तरी चालेल.

आकड्यांपासून सुरुवात करू. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये बाल-अत्याचारांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी त्यासाठी बोलणं झालं होतं. कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं ५३.२२ टक्क्यांनी सांगितलं. त्यांत मुलगे होते ५२.९४ टक्के आणि मुली ४७.०६ टक्के. त्या पाहणीतली व्याख्या व्यापक होती. अश्लील चित्रं दाखवण्यापासून गंभीर हल्ल्यापर्यंत बरंच काही तिच्यात धरलं होतं, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावेत. तरीही ‘मुलग्याला काय होतंय’ या घरोघरच्या वाक्याला सरकारदरबारातून उत्तर मिळालं ते तेव्हा. आपण ते फारसं ऐकलं नाही. मुलीला आजही काळोख पडायच्या आत घरी यायला सांगतात. मुलाला मात्र कुणाच्याही गाडीवर मागे बसून जत्रेला पाठवतात.

आता त्या प्रश्नाकडे वळू, जो अशा पुरुषाला वर्षानुवर्षं पोखरतो आणि जो तो कुणालाही विचारत नाही. मला ते नको होतं, तर माझ्या शरीराने प्रतिसाद का दिला?

लिंगाला ताठरता येण्याच्या दोन वाटा आहेत. एक मेंदूतून निघते. तिच्यात इच्छा, कल्पना, आठवण यांचा भाग असतो. दुसरी वाट छोटी आहे. स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी, माकडहाडाच्या वरच्या बाजूला असलेल्या त्रिक भागातल्या मज्जातंतूंपर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. या दुसऱ्या वाटेला मेंदूची परवानगी लागत नाही. पाठीच्या कण्याला वरच्या बाजूला इजा होऊन कमरेखालची जाणीव गेलेल्या पुरुषांनाही केवळ स्पर्शाने ताठरता येऊ शकते, ती यामुळेच. गाढ झोपेतही ती येते. वीर्यपतनही शेवटी प्रतिक्षिप्त क्रियाच आहे. रॉय लेव्हिन आणि विली व्हॅन बेर्लो या संशोधकांनी २००४मध्ये या विषयावरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. जबरदस्तीच्या, नकोशा स्पर्शानेही शरीर उत्तेजित होऊ शकतं, आणि त्यावरून संमती होती असा अर्थ काढता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं म्हणून कुणी आपल्याला दुःख कशाचं झालं असं विचारत नाही. इथे मात्र तो पुरुष स्वतःलाच ते विचारत राहतो.

अत्याचार करणाऱ्याला ही गोष्ट पक्की माहीत असते. निकोलस ग्रोथ आणि ॲन बर्जेस यांनी १९८०मध्ये पुरुषांवरच्या बलात्कारांसंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला होता. काही गुन्हेगार समोरच्याचं वीर्यपतन घडवून आणण्याचा मुद्दाम प्रयत्न करतात, अशी नोंद त्यात आहे. हेतू उघड आहे. एकदा ते झालं, की ‘तुलाही आवडलंच होतं’ हे म्हणायला गुन्हेगार मोकळा होतो आणि समोरच्याचं स्वतःचं शरीरच त्याच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभं राहतं. एरवी हुशार, शिकलेला माणूसही या साक्षीपुढे हरतो. शरीरशास्त्राचा हा एक परिच्छेद योग्य वयात वाचायला मिळाला असता तर त्याची कितीतरी वर्षं वाचली असती, असं वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरी साक्ष हालचालीची. ‘तू चांगला धडधाकट, मग हात का नाही उचललास?’ वडील विचारतात, मित्र विचारतात, पोलीसही विचारतात. जिवावरच्या संकटात शरीरापुढे लढणं आणि पळणं एवढे दोनच पर्याय असतात, असं आपण धरून चालतो. तिसरा असतो गोठण्याचा. हातपाय जड होतात, आवाज फुटत नाही, आपण वरून कुठूनतरी हे बघतो आहोत असं वाटतं. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांना हल्ल्याच्या वेळी असं लक्षणीय गोठलेपण आलं होतं, आणि ज्यांना ते आलं त्यांना पुढे मानसिक आघाताचा त्रासही अधिक झाला. तो अभ्यास स्त्रियांचा असला, तरी ही प्रतिक्रिया लिंग पाहून येत नाही. प्राण्यांतही ती दिसते. सोडरशुकहुसेट रुग्णालयातल्या या केंद्राने २०१५मध्ये आपले दरवाजे पुरुष आणि मुलग्यांसाठीही उघडले.

यापुढचे दोन प्रश्न पुरुष अगदी दबक्या आवाजात विचारतात. पहिला : यामुळे मी समलिंगी झालो का? नाही. लैंगिक कल अत्याचारातून तयार होत नाही. मुलांवर हात टाकणारे अनेकजण बायकापोरांत रमलेले, समाजात प्रतिष्ठित असे असतात. त्यांना हवी असते सत्ता आणि सहज हाती लागणारं, गप्प बसणारं लेकरू. जो मुलगा मुळातच समलिंगी आहे त्याची कोंडी दुहेरी होते. सांगितलं तर त्याच्या असण्यालाच अत्याचाराचा परिणाम ठरवलं जाईल, ही भीती त्याला गप्प ठेवते.

दुसरा प्रश्न : मीही पुढे तसाच होईन का? या भीतीपायी काही बाप स्वतःच्या बाळाला आंघोळ घालायलाही धजत नाहीत. ऑस्ट्रेलियात बालपणी लैंगिक अत्याचार झालेल्या २,७५९ व्यक्तींच्या नोंदी पुढच्या अनेक वर्षांच्या पोलिसी नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. २०१२च्या त्या अहवालात पुढे लैंगिक गुन्ह्याची नोंद झालेले पुरुष सुमारे पाच टक्के निघाले. सर्वसाधारण पुरुषांच्या तुलनेत हे प्रमाण जास्त आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण शंभरांतले पंचाण्णव तसे झाले नाहीत, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे.

आणि स्त्रीने केलेला अत्याचार? अमेरिकेत १७ हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा मोठा अभ्यास झाला. त्यात १६ टक्के पुरुषांनी बालपणातल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, आणि त्यांतल्या जवळजवळ ४० टक्के घटनांत अत्याचार करणारी व्यक्ती स्त्री होती. आपल्याकडे अशा मुलाला मित्रांकडून ‘नशीबवान आहेस लेका’ ऐकायला मिळतं. तेराव्या वर्षी चाळिशीच्या बाईने घेरलेला मुलगा त्या शाबासकीचं काय करणार? तो हसतो, आणि पुढे कितीतरी वर्षं हसतच राहतो.

महाराष्ट्र आणि गोव्याला हा विषय नवा नाही. मडगावात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१मध्ये अटक झाली आणि १९९६मध्ये जन्मठेप झाली. त्याच्याकडे मुलांची अश्लील छायाचित्रं मोठ्या संख्येने सापडली होती. मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ या आसरागृहात रस्त्यावरच्या मुलांवर अत्याचार केल्याबद्दल डंकन ग्रँट आणि ॲलन वॉटर्स या दोन ब्रिटिश नागरिकांना २००६मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली. २००८मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं आणि मार्च २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. तेव्हा मुलग्यांवरच्या अशा अत्याचारासाठी वेगळा केंद्रीय कायदाच नव्हता. खटला भारतीय दंड संहितेच्या ३७७व्या कलमाखाली, म्हणजे ‘अनैसर्गिक संभोगा’च्या कलमाखाली चालवावा लागला. गोव्याने मात्र २००३मध्येच स्वतःचा बालहक्क कायदा केला आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही. दिल्लीला तिथे पोचायला आणखी नऊ वर्षं लागली.

ती वेळ आली २०१२मध्ये. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचं विधेयक १० मे रोजी राज्यसभेत आणि २२ मे रोजी लोकसभेत मंजूर झालं. या दोन तारखांच्या मध्ये, १३ मेच्या रविवारी, ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात मुंबईचे कार्यकर्ते हरीश अय्यर आपल्यावर बालपणी वर्षानुवर्षं झालेल्या अत्याचाराबद्दल बोलले. त्यांची आईही तिथे होती. त्यांच्या अनुभवावर बेतलेली एक कथा ओनीर यांच्या ‘आय ॲम’ या चित्रपटात त्याआधीच येऊन गेली होती. पण रविवारी सकाळी, घरातली सगळी माणसं चहा घेत असताना, एका पुरुषाने टीव्हीवर हे बोलणं हा प्रकार वेगळाच होता.

पोक्सोखाली अठरा वर्षांखालच्या मुलग्याला मुलीइतकंच संरक्षण आहे. त्याचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, पोलीस गणवेशात नसावेत, साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये. खटला संपेपर्यंत सोबत करायला बालकल्याण समिती मदतनीस व्यक्ती देऊ शकते, अशी तरतूद २०२०च्या नियमांत आहे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला त्याच्यावर ताबडतोब आणि मोफत उपचार करावेच लागतात. महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकतं. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. मात्र एक गोष्ट मुलाला आधीच सांगितलेली बरी. अल्पवयीन मुलाने शिक्षकाला, डॉक्टरला किंवा समुपदेशकाला असं काही सांगितलं, तर ते पोलिसांना कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊन नंतर मोडलं, की मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा तुटतो.

अठरा पूर्ण झाली की चित्र बदलतं. बलात्काराच्या व्याख्येत पीडित व्यक्ती स्त्रीच आहे, जुन्या संहितेतही आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही. बलात्काराच्या कायद्यात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींवरच्या अत्याचाराची दखल घ्यायला सांगितलं होतं. फेब्रुवारी २०१३च्या वटहुकमात व्याख्या लिंगनिरपेक्ष झालीही, पण काही आठवड्यांतच संसदेने केलेल्या कायद्यात ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. उरलं होतं ३७७. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये प्रौढांच्या संमतीचे संबंध त्यातून वगळले, पण जबरदस्तीसाठी ते कलम शिल्लक ठेवलं. नव्या संहितेत ते कलमच नाही. आज एखाद्या पंचविशीतल्या तरुणावर असा हल्ला झाला, तर पोलिसांना मारहाण, गंभीर दुखापत, डांबून ठेवणं, धमकी अशी कलमं जोडून काम भागवावं लागतं. घटना १ जुलै २०२४च्या आधीची असेल तर जुनं ३७७ अजूनही लावता येतं, आणि त्याला तक्रारीची कालमर्यादा नाही. पोक्सोच्या तक्रारीलाही नाही. लहानपणी भोगलेल्या अत्याचाराची तक्रार माणूस मोठेपणी करू शकतो.

पूर्ण लिंगनिरपेक्ष व्याख्येला स्त्री-संघटनांनी विरोध केला, कारण तक्रार करणाऱ्या बाईवरच उलट तक्रार ठोकली जाईल. ही धास्ती पोकळ नाही. पण पीडित कोणीही असू शकेल आणि आरोपी पुरुष असेल, अशी मधली वाट वर्मा समितीच्या मसुद्यात होतीच. ती न घेता सगळंच सोडून देणं मला कायद्याचा आळस वाटतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलग्यांना निदान एक दार उघडं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमावलीत पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही लैंगिक छळाला बळी पडू शकतात हे स्पष्ट नमूद आहे. वसतिगृहात ‘सिनियरची गंमत’ म्हणून जे चालतं ते महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यातही बसतं.

हल्ला नुकताच झाला असेल, तर पोलिसांआधी घड्याळाकडे बघायला हवं. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. सरकारी रुग्णालयांत ती मिळतात. कावीळ ‘ब’ची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, गुप्तरोगांच्या तपासण्या त्याच वेळी होतात; काही तपासण्या काही आठवड्यांनी पुन्हा कराव्या लागतात. पुढे तक्रारीची शक्यता असेल तर आधी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. गुदद्वाराच्या जखमेला मूळव्याध सांगून गावातल्या दुकानातून मलम आणणारे पुष्कळ असतात. डॉक्टरला खरं कारण कळलं तरच योग्य तपासणी होते. प्रौढ माणसाची तपासणी त्याच्या संमतीशिवाय होत नाही, आणि फिर्याद द्यायची की नाही हेही तोच ठरवतो.

मनाच्या उपचाराबद्दल मोठा गैरसमज हा, की सगळं एकदा बोलून टाकलं की माणूस मोकळा होतो. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं खोदून काढण्याची पद्धत तपासून झाली आहे; तिने पुढचा त्रास टळत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये मांडलेला क्रम आजही बहुतेक ठिकाणी पाळतात. आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जोडून घेणं. पहिल्या टप्प्यात घटनेचा उल्लेखही झाला नाही तरी चालतं. झोप, दारू, अंगावर येणारी भीती कशी ओसरू द्यायची, इतकंच काम असतं. एखाद्या तेलाच्या वासाने किंवा मागून आलेल्या पावलांच्या आवाजाने माणूस क्षणात पंचवीस वर्षं मागे फेकला जातो. तेव्हा पाय जमिनीला टेकवून, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मोठ्याने घेत वर्तमानात परत यायला शिकवतात. बिनकामाचं वाटतं, पण उपयोगी पडतं.

दुसऱ्या टप्प्यातल्या काही पद्धती चांगल्या तपासलेल्या आहेत. एकीत ती आठवण सुरक्षित जागी, ठरवलेल्या गतीने पुन्हा पुन्हा सांगितली जाते, म्हणजे तिची दहशत कमी होते. दुसरीत ‘दोष माझाच’ यासारखे विचार कागदावर मांडून एकेक तपासले जातात. शरीराच्या साक्षीचा निकाल सहसा इथेच लागतो. तिसरी ईएमडीआर, जिच्यात आठवण मनात धरून डोळे एका लयीत डावी-उजवीकडे हलवतात. औषधांपैकी सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन यांचा आधार मिळतो, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नुसत्या झोपेच्या नि शांत करणाऱ्या गोळ्यांवर वर्षं काढू नयेत. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. लहान मुलासाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

आणि घर. ‘लग्न करून द्या, सगळं ठीक होईल’ हा आपला रामबाण सल्ला इथे दोन माणसांना अडकवतो. नवरा जवळ येत नाही, किंवा येतो आणि मध्येच दगडासारखा होतो. बायकोला वाटतं आपल्यातच काही कमी आहे. काही पुरुषांचं उलट होतं. ते जवळिकीचा इतका अतिरेक करतात, की ती जवळीक राहतच नाही. बायकोला कारण कळलं तर निम्मा ताण उतरतो, पण तपशील सांगायलाच हवा असं नाही. ‘लहानपणी माझ्यावर अत्याचार झाला होता’ हे एक वाक्य पुरतं. ऐकणाऱ्याने ‘तेव्हाच का नाही सांगितलंस’ एवढं विचारू नये. ‘तुझा यात दोष नव्हता’ हे मात्र बोलून दाखवावं, त्याला ते ठाऊक असेल असं धरून गप्प राहू नये. ‘मी त्याला जिवंत सोडणार नाही’ म्हणणारा भाऊही मदत करत नाही. त्यामुळे ज्याला आधार हवा होता तोच दुसऱ्याचा राग आवरत बसतो.

शरीरसंबंधांसाठी समुपदेशक बहुतेक वेळा जोडप्याला एकत्र बोलावतात. पहिले काही आठवडे संबंध ठेवायचेच नाहीत, असं दोघांच्या संमतीने ठरतं. हात, पाठ, केस, एवढाच स्पर्श, आणि तोही दिवा लावून, ठरलेल्या वेळी. दोघांपैकी कुणीही ‘थांब’ म्हटलं की कारण न विचारता थांबायचं. ज्याचं ‘थांब’ पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं, त्याला या शब्दाचा उपयोग होतो हे आधी बऱ्याचदा अनुभवावं लागतं. पुढची पायरी त्यानंतर, आणि ती कधी चढायची ते तो आणि ती मिळून सांगतात.